भिंगबाईचं लक्ष

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ज्याने पाडलं त्याने विचार करून पाडलं असणार. औषधाच्या बाटल्यांचा कारखाना होता तो. भट्टीतून निघालेल्या बाटल्या गार होऊन पट्ट्यावरून सरकत यायच्या, एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पुढे जायच्या, आणि त्या पडद्यापुढे उंच स्टुलावर ही बसलेली असायची. कुठे तडा, कुठे बुडबुडा, कुठे तोंड जरासं वाकडं. काही दिसलं की हात आपोआप पुढे जायचा आणि बाटली शेजारच्या लोखंडी पिंपात पडायची. पिंप भरलं की काच पुन्हा भट्टीत.

सुरुवातीला ती एकेका बाटलीच्या मागे डोळे फाडून धावायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं आणि तरीही फुटक्या बाटल्या तिच्या डोळ्यांदेखत निसटून जायच्या. शेवटी शेजारच्या स्टुलावरच्या एका फटकळ बाईला तिची दया आली. "अगं, बाटल्या पळतायत तर पळू दे, तू कशाला पळतेस? नजर उजेडावर टाक आणि सैल सोड. खराब बाटली आपणहून बोंबलत येते." हे ऐकायला सोपं होतं. जमायला कैक महिने लागले. पण एकदा जमलं ते जमलंच. मग ती गप्पा मारत मारत बाटल्या काढायची, आणि सुपरवायझर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "त्या बाईंच्या नजरेतून डास सुटणार नाही."

घरी मात्र हे काही जमायचं नाही. का ते उघड होतं. पट्ट्यावरची बाटली फुटली तर फुटली, ती काही तिची नव्हती.

घरातली थोरली मुलगी म्हणून ती वाढली, आणि थोरल्या मुलीच्या वाट्याला जे दोन शब्द येतात तेच तिच्याही वाट्याला आले: लक्ष ठेव. दुधाकडे लक्ष ठेव, धाकट्याकडे लक्ष ठेव, दाराकडे लक्ष ठेव, आजोबांना लागला डोळा तर त्यांच्या विडीकडे लक्ष ठेव. हे दोन शब्द तिच्या हाडीमाशी असे खिळले की जग उभं आहे ते आपण बघतोय म्हणून, आपण नजर काढली की काहीतरी पडेल, फुटेल, उतू जाईल, असं तिला मनातून खरंच वाटायचं. बाहेर निघाल्यावर गॅस बंद केला का हे बघायला ती जिना परत चढायची. कुलूप ओढून बघायची, दोन पावलं जाऊन पुन्हा ओढून बघायची. तिचा नवरा खाली उभा राहून ओरडायचा, "अगं, कुलूप तुटेल आता, चोराचं काम सोपं होईल!"

नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, हसला की पोट हलणारा. निवृत्त झाल्यावरही गल्लीत सगळे त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणत. बायकोच्या स्वभावावर त्याचा ठरलेला विनोद होता. "आमच्या हिला डुलकी लागली ना, की पृथ्वी फिरायची थांबते. म्हणून बिचारी जागी राहते, लोकांची सोय म्हणून." लोक हसायचे. तीही हसायची. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. घरात दोघंच. भांडायला दोघं पुरतात आणि समेट करायलाही, तेव्हा बरं चाललं होतं.

आणि मग एके सकाळी चहा पिता पिता ड्रायव्हरसाहेबांच्या हातातली कपबशी खाली पडली.

तेव्हा ती त्याच खोलीत होती, पण तिची पाठ त्याच्याकडे होती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आवाज ऐकून वळली तर तो खुर्चीत एका बाजूला कलंडलेला, तोंडाचा कोपरा खाली ओघळलेला, आणि डोळ्यांत लहान मुलासारखं आश्चर्य. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर तिला समजावून सांगितलं की डोक्यातली गुठळी कुणाची पाठ आणि कुणाचं तोंड बघून येत नसते. तुम्ही समोर बसला असतात तरी हेच झालं असतं. तिने मान हलवली. कळलं तिला सगळं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. तिच्या मनाने तेवढंच धरून ठेवलं: माझी पाठ होती.

तो घरी आला तो उजवा हात गळ्यात आणि उजवा पाय फरफटत. जीभ जड झाली होती. शब्द यायचे, पण एकेक, ओझं उचलून आणल्यासारखे. तिच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. तिने तो पुरा होऊ दिला नाही, कारखान्याला रामराम ठोकला आणि घरच्या स्टुलावर येऊन बसली.

आता तिच्यासमोर एकच बाटली होती, आणि ती तिची स्वतःची होती.

डोळ्यांत तेल घालून ती त्याला बघू लागली. घास घेतला की गिळला का ते बघायची. झोपला की छाती वरखाली होते का ते बघायची. तो न्हाणीघरात गेला की ती दाराला कान लावून उभी. त्याच्या खाटेला तिने जुन्या सायकलची घंटी बसवली होती. काही लागलं तर वाजवा म्हणून. तो ती फारशी वाजवायचा नाही, पण न वाजणाऱ्या घंटीकडेही तिचा कान असायचा. रात्री झोप अशी लागेचना. लागली तरी विहिरीच्या काठावर बसून लागावी तशी, एक पाय आत आणि एक बाहेर. काही महिन्यांत तिचा चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा झाला. शेजारीपाजारी आजाऱ्याची चौकशी करायला यायचे आणि तिच्याकडे बघून विचारायचे, "तुम्हाला बरं नाही का?"

व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी यायची. हसतमुख, पण हाताची कडक. तिने त्याला आधी उभं केलं, मग वॉकर दिला, मग काठी. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. आणि गंमत अशी की ती मुलगी असताना तो भिंत गाठायचा, आणि मुलगी गेल्यावर बायकोने चालवायला घेतलं की तिसऱ्या पावलाला अडखळायचा.

"तुम्ही त्यांना धरता," मुलगी म्हणाली.

"धरणार नाही तर काय! पडले म्हणजे?"

"काकू, तुम्ही दंड असा गच्च धरता की त्यांना स्वतःचा तोल कळतच नाही. सोडा हात. बाजूने चाला नुसतं."

तिने हात सोडला. पण डोळ्यांनी धरलं. त्याच्या पावलागणिक तिचा श्वास वर जायचा, खांदे उचलले जायचे, तोंडातून बारीकसा 'आँ' निघायचा. तो थांबला. भिंतीला टेकून उभा राहिला आणि जड जिभेने एकेक शब्द ढकलत म्हणाला, "तुझं... तोंड... बघितलं... की वाटतं... मी पडलोच."

हे तिला फार लागलं. ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं त्याने असं म्हणावं? त्या दिवशी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. औषध देताना पेला जरा जोरातच ठेवला.

थोड्या दिवसांनी तिची बहीण येऊन राहिली. धाकटी असली तरी बोलायला थोरलीच्या वरताण. दोन दिवस तिने नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना सुनावलं, "ताई, मेहुण्यांच्या आधी तूच जाशील. मग त्यांचं कोण बघणार? सोडून दे जरा. होईल ते होईल."

"सोडून दे म्हणजे काय करू?"

"काही करू नकोस!"

"काही न करणं मला येत नाही," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

तरी बहिणीच्या बोलण्याने ती हट्टाला पेटली. सोडून द्यायचं ना? बघाच आता. बहीण गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तो काठी घेऊन उठला तशी ती स्वयंपाकघरात गेली, दाराकडे पाठ करून बसली आणि रेडिओ लावला. बघायचं नाही म्हणजे नाही. पण रेडिओवर काय चाललंय ते तिला एक अक्षर कळेना. पाठ फिरवली तशी कानांना डोळे फुटले. काठीची ठक, पायाची फरफट, ठक, फरफट. मध्येच शांतता. शांतता म्हणजे काय? थांबला? पडला? बसला? आपण बघत नाही आहोत इकडे तिचं इतकं लक्ष होतं की त्यापेक्षा बघत असताना बरं होतं. पुन्हा ठक ऐकू आली तेव्हा तिच्या पाठीला घाम फुटला होता. संध्याकाळी ती आणखीच थकली. धरून दमायला होतं हे तिला ठाऊक होतं. सोडूनही तितकंच दमायला होतं, हे नवीन कळलं. मग ते सोडून देणं कुठल्या दुकानात मिळतं, कोण जाणे. तिने तो नाद सोडला आणि पुन्हा पहिल्यासारखी पहाऱ्यावर बसली.

असे दिवस जात होते. एक दिवस दुसऱ्यासारखा, आणि प्रत्येक दिवस कालच्यापेक्षा थोडा जड.

एका दुपारी जेवणं झाली, तो खाटेवर आडवा झाला, ती समोरच्या खुर्चीत बसली. बाहेर ऊन रखरखत होतं, पंखा कुरकुरत होता. तिने ठरवलं काहीच नाही. सोडून द्यायचं असंही नाही आणि झोपायचं असंही नाही. शरीरानेच तिला न विचारता दिवे मालवले. इतक्या महिन्यांची थकबाकी एकदम वसूल करायला आल्यासारखी झोप आली. मान मागे टेकली, तोंड उघडं पडलं, आणि भिंगबाई दगडासारखी झोपली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. खाट रिकामी होती.

आधी तिला वाटलं न्हाणीघरात असेल. नव्हता. स्वयंपाकघर, गॅलरी, खाटेखाली सुद्धा बघितलं तिने. माणूस घाबरला की कुठेही बघतो. काठी जागेवर नव्हती. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. दोन जिने! झटका आल्यापासून तो एकटा उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. ती तशीच अनवाणी धावली. पहिल्या वळणावर त्याची एक चप्पल पडलेली. चप्पल उचलून छातीशी धरून ती उतरली.

तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती, तिचं मशीन दाराशीच. "ड्रायव्हरसाहेब? अहो, मघाशीच गेले की. जिन्यात घसरले होते जरा, मी हात द्यायला धावले तर म्हणाले, नको. आपले आपण उठले, कठड्याला धरून. मी म्हटलं काकूंना बोलावू? तर बोट ओठांवर ठेवलं त्यांनी. झोपलीय, म्हणाले."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"आता एवढ्या मोठ्या माणसाला कसं अडवायचं हो?" बाई ओशाळली.

ती रस्त्यावर आली. चपलेसकट, अनवाणी, केस विस्कटलेले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने न विचारताच हाताने दाखवलं, तिकडे. ती तिकडे पळाली. आणि रस्ता वळतो तिथल्या केस कापायच्या दुकानात, जिथे निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी त्याची बैठक असायची, तिथे तो खुर्चीत बसलेला तिला दिसला. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, कोपराला ओरखडा, त्यावर रक्त सुकलेलं. न्हावी काहीतरी सांगत होता आणि तो हसत होता. तोंड वाकडं होत होतं, पण पोट पूर्वीसारखं हलत होतं.

ती दारात उभी राहिली. छातीत भाता चालू होता. तोंडात शब्दांची रांग लागली होती: जीव घ्यायचाय का माझा, डोकं फुटलं असतं म्हणजे, काय कमी केलं मी. पण धावून धाप इतकी लागली होती की एकही शब्द बाहेर येईना. न्हाव्याने तिला बघितलं, वस्तरा खाली केला आणि बाकाकडे बोट दाखवलं. "बसा वहिनी. थोडंच राहिलंय."

ती बसली.

समोर मोठा आरसा होता, आरशात तो. इतके महिने ती त्याला डोळ्याआड होऊ देत नव्हती, आणि आज तिच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत तिने त्याला बघितलंच नव्हतं. तिने पाऊल बघितलं होतं, घास बघितला होता, छातीचा भाता बघितला होता. कुठे तडा जातोय का, एवढंच. हा आरशातला माणूस म्हातारा झाला होता. कानावरचे केस पांढरे, गळ्याची कातडी सैल. भुवया मात्र तशाच झाडूसारख्या, लग्नात तिच्या मैत्रिणींनी ज्यांना नावं ठेवली होती. वस्तरा गालावरून फिरत होता आणि त्याने डोळे मिटले होते, सुखाने. तो पडला होता आणि उठला होता आणि इथवर आला होता, आणि त्या सगळ्या वेळात ती घोरत होती. तिच्या लक्षाने त्याला उभं ठेवलं नव्हतं. तिच्या झोपेने त्याला पाडलंही नव्हतं. जिना घसरडा होता म्हणून तो पडला, कठडा हाताशी होता म्हणून उठला.

या विचाराने तिला हायसं वाटायला हवं होतं. आधी वाटलं ते भलतंच. आपण कुणीच नाही, आपली गरजच नाही, असं. मग तेही ओसरलं. ती नुसती बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिच्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, "दमलेय हो मी."

हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. न्हाव्याचा हात थांबला. आरशातल्या माणसाने डोळे उघडले आणि आरशातूनच तिच्याकडे बघितलं. बराच वेळ शब्द जुळवत राहिला.

"माहितेय," तो म्हणाला. "म्हणून... नाही उठवलं."

मग न्हाव्याने तिच्यासाठीही चहा मागवला. तिचं लक्ष आपल्या मांडीवरच्या चपलेकडे गेलं, ती तिने खाली ठेवली, त्याच्या पायाजवळ. परत येताना ती त्याच्या बाजूने चालली. हात धरला नाही. भीती होतीच. फरक एवढाच की आज भीती आली हे तिला दिसत होतं. आधी भीती आली की ती आणि भीती एकच व्हायच्या. आज ती एका बाजूला, भीती दुसऱ्या बाजूला आणि मध्ये काठी टेकत हा. तिघं जण चालल्यासारखे चालले. जिना चढायला अर्धी संध्याकाळ गेली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर खोटं. स्वभाव हा काही अंगातला सदरा नव्हे, काढला आणि खुंटीला टांगला. पुढचे कित्येक दिवस तिचा हात आपोआप त्याच्या दंडाकडे जायचा. गेला की ती बघायची: गेला हात. आणि मग मागे घ्यायची. कधी मागे यायचा, कधी नाही. ज्या दिवशी नाही यायचा त्या दिवशी ती स्वतःवर चिडायची, आणि मग चिडणंही दिसायचं, तेव्हा स्वतःशीच म्हणायची, "चला, हेही आलं का बाईसाहेब. बसा." कारखान्यातल्या फटकळ बाईची तिला आठवण यायची. नजर सैल सोड म्हणजे नजर काढ असं ती म्हणाली नव्हतीच कधी. बघायचं होतंच की. फक्त डोळ्यांनी पकडून ठेवायचं नव्हतं. तीस वर्षं पट्ट्यावर केलेली गोष्ट स्वतःच्या माणसाच्या बाबतीत पहिल्यापासून शिकावी लागत होती, आणि या बाबतीत ती अगदीच कच्ची उमेदवार होती.

तो रोज बाहेर जाऊ लागला. कधी ती बरोबर, कधी गॅलरीत.

थंडीच्या सुरुवातीला तो पुन्हा पडला. या वेळी तिच्या डोळ्यांसमोर. ती चार पावलं मागे होती. रस्त्याच्या कडेचा दगड त्याला दिसला नाही, तिला दिसला, ती ओरडली सुद्धा, पण काठी निसटली आणि तो डाव्या हातावर पडला. मनगट मोडलं. चांगल्या हाताचं. आता दोन्ही हात गेले, म्हणजे जेवणापासून सगळं पुन्हा तिच्यावर आलं.

लेक सासरहून धावत आली. प्लास्टरमधला हात बघून तिचा बांध फुटला आणि आईवर घसरली. "आई, तुझं लक्ष कुठे होतं?"

"त्यांच्याकडेच होतं."

"मग पडले कसे?"

"पडले." ती त्याला भात भरवत होती. चमचा तसाच धरून तिने मुलीकडे बघितलं. "मी बघत होते, आणि ते पडले."

"हे काय उत्तर झालं?"

"दुसरं नाही माझ्याकडे, बाळा."

मुलगी रडायला लागली. आईच्या आवाजात अपराध शोधत होती ती, आणि तो सापडत नव्हता म्हणून जास्त चिडली होती. पण भिंगबाईला आत काही जाणवलं असेल तर ते एवढंच की हे वाक्य जड नाही. कपबशी फुटली त्या सकाळपासून एक दगड ती छातीवर घेऊन हिंडत होती. त्या दिवशी पाठ होती. या वेळी पाठ नव्हती. दोन्ही वेळा व्हायचं ते झालं. तिला वाईट वाटत होतं, अगदी पोटातून वाईट वाटत होतं, त्याच्या सुजलेल्या बोटांकडे बघवत नव्हतं. पण वाईट वाटणं आणि दोषी असणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एका ताटात वाढल्याच पाहिजेत असं नाही, हे तिला उतारवयात पहिल्यांदा कळत होतं.

"भात..." तो म्हणाला. दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. "गार... होतोय."

मुलीला रडता रडता हसू आलं.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी एकट्याने बाहेर न जाण्याची ताकीद दिली. मुलीने जाताना दोघांकडून कबूल करून घेतलं. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काठीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि पोरासारखी नजर चोरली.

तिने पोळपाट बाजूला सारला, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "हे बघा, पडलात तर पडाल. मला भीती वाटते, ती वाटणारच. पडलात तर मी उचलायला येईन, रडेन, बडबडेन, भरवीन सुद्धा. पण जायचं तर जा. घरात बसवून तुम्हाला वाचवायचं आणि मग तुमच्याकडे बघत बसायचं, हे माझ्याने आता होणार नाही."

एवढं लांब ती त्याच्याशी वर्षभरात बोलली नव्हती. त्याने काठीवर हात ठेवला. ती श्वास धरून बसली, श्वास धरलाय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने तो सोडला.

"आज... नको," तो म्हणाला. "कंटाळा... आलाय."

"अहो!" तिने कपाळावर हात मारला. "मी एवढं मन घट्ट करून बोलले, आणि तुम्हाला कंटाळा?"

त्याचं पोट हलायला लागलं. तीही हसली. हसताना तिला डोळ्यांवर झापड आल्यासारखं झालं, अंगातून काहीतरी सुटल्यासारखं.

"तू... जा," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने खांदा उडवला. डावा, चांगला.

तिला खरंच कुठे जायचं ते सुचेना. बाजारात जायचं तर काही आणायचं नव्हतं. भेटायला जावं असं कुणी नव्हतं. तरी ती चपला घालून निघाली. दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. रस्त्यावर एरवी डावीकडे वळायची सवय, आज उजवीकडे वळली. तिकडे घरं संपून मैदान लागायचं. मैदानावर कुणी तंबूचे खांब रोवत होते, दोरखंड ताणत होते. ती एका दगडी कट्ट्यावर बसली. एकजण दोर ओढायचा, दुसरा ओरडायचा, "फार नको, फार नको!" तिने काही वेळ बघितलं. पायाच्या टाचा दुखत होत्या. ऊन पाठीवर बरं वाटत होतं. घराचा विचार आला, गेला, पुन्हा आला. ती त्या विचाराच्या मागे उठून धावली नाही. त्याला हाकलायलाही गेली नाही. बसावंसं वाटलं तेवढं बसली, मग वाटलं तेव्हा उठली.

घरी आली तर तो गॅलरीतल्या खुर्चीत झोपला होता, हनुवटी छातीला टेकून. सवयीने ती दारातच थबकली आणि छाती हलते का ते बघू लागली. हलत होती. मग तिच्या ध्यानात आलं की त्याच्या पायांवर ऊन आलंय आणि पाय उघडे आहेत, छान ऊब लागत असेल. ती तिथेच चौकटीला टेकून काही वेळ उभी राहिली, आणि मग चहाचं आधण ठेवायला आत गेली.